टॅली चालंल का

इरबत्ती शेठनी सीपीयू आणून टेबलावर आपटला.
झाकण काढलं, तर आत धूळ नव्हती,
अर्धा टॉवेल होता.
पंख्याभोवती गुंडाळलेला, पांढरा, मऊ,
एक्स्पोर्ट क्वालिटीचा.

ब्लोअर मारला. कन्ना चौकापर्यंत कापूस उडाला.
शेजारच्या चहावाल्या गुरप्पानं कानडीत शिवी घातली,
म्हणजे रागानं नव्हे.

"नवाच घेऊ का गं, पोरी?"

कशाला, शेठ?
अकरा वर्षांचा बोर्ड आहे, पण बनवणाऱ्याला लाज होती:
स्क्रू आहेत, डिंक नाही.
रॅम निघते. डिस्क निघते.
हल्लीच्या पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डालाच डकवून येते,
जन्मतानाच ठरलेलं, याच्यापुढं वाढायचं नाही.
तसला कुणी आणला तर मी दुरुस्त करत नाही,
समाचाराला बसते.

यात एक एसएसडी घाला, आठची रॅम,
आणि ते विंडोज काढा.
चोरीचं आहे ते. तुम्ही नाही चोरलं,
पाचशे रुपये घेऊन कुणी तरी टाकलं,
वर तीन व्हायरस सप्रेम भेट.

लिनक्स टाकते.
"फुकट आहे म्हणतात. फुकटचं काय टिकतं?"

फुकट नव्हे, शेठ. मोकळं.

माझे नायना जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे, साखर पेठेत.
पुठ्ठा उजेडाकडं धरला की त्यांना मोर दिसायचा,
आम्हाला नुसती भोकं.
एखादं चुकलं तर कागद चिकटवायचे, वाळवायचे,
शेजारी नवं पाडायचे.
कुणाला विचारायचं नसे.
मग इलेक्ट्रॉनिक पेटी आली. डिझाइन पेन ड्राइव्हमध्ये.
बंद पडली की सुरतेहून माणूस यायचा,
तोवर माग गप्प,
आणि नायना पेटीसमोर मांडी घालून,
हात मांडीवर.
उघडली तर वॉरंटी जाते, असं वर लिहिलेलं.

एवढंच माझं म्हणणं.
बाकी खोटं कशाला बोलू?
तुमचा बिलाचा प्रिंटर चार दिवस ऐकणार नाही.
जुन्या फॉन्टातली पत्रं उघडलीत
तर भूत उतरल्यागत अक्षरं दिसतील.
वायफायच्या एका चिपपायी मी
पूर्ण एक रविवार अन् तोंडातले सगळे शब्द खर्च केलेत.
आणि आमच्यातली भांडणं विचारू नका:
हे लिनक्स खरं की ते,
शेंगाचटणी उखळातली की मिक्सरमधली,
तसंच. वाद मिटत नाही,
भाकरी गार होते.

शेठनी सगळं ऐकलं. मान हलवली. चहा संपवला.
"बरोबर आहे तुझं.
पण टॅली चालंल का?"

चालेल, म्हणाले.
ओढूनताणून, म्हणाले नाही.
पण त्यांना ऐकू आलं.

नवी पेठेतून त्यांनी पातळच घेतला,
चंदेरी, हप्त्यांवर.
जुना माझ्याकडे सोडला. "राहू दे तुला. भंगारवाला दीडशे देतोय."

आता तो इथंच असतो, रॅकच्या खालच्या फळीवर,
उन्हाळ्यात दुपारी त्रेचाळीसला
माझ्याआधी पंखा त्याला.
रात्री शटर अर्धं ओढून मी नायनांचे जुने पुठ्ठे घेते,
एकेक ओळ बघत भरते,
भोक तिथं एक, नाही तिथं शून्य.
त्रेपन्न पुठ्ठे झाले. मोराचे पाय आले,
पिसारा अजून यायचाय.

काल नायना आले, डबा घेऊन.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा मिटून
स्क्रीनला नाक लावलं.
कौतुक करतील वाटलं.
तेलुगूत म्हणाले,
एकोणिसाव्यात एक भोक जास्त पडलंय.

बघितलं.
पडलं होतं.